लहान पिकअपला जोर कमी पडतो तेव्हा: मूळ इंजिनाला टर्बो बसवावा की इंजिनच बदलावे?

अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत १९८० च्या दशकातली टोयोटाची लहान पिकअप आजही रोजच्या कामात दिसते. इतरत्र हायलक्स या नावाने ओळखली जाणारी ही गाडी अमेरिकेत नुसती ‘टोयोटा पिकअप’ म्हणून विकली जात असे आणि १९९५ मध्ये तिची जागा टॅकोमा या टोयोटाच्याच नव्या पिकअपने घेतली. तिच्यातले बहुतेकांचे आवडते इंजिन म्हणजे २२आर-ई. चार सिलिंडर, २,३६६ सीसी, बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड आणि पेट्रोलसाठी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन अशी त्याची रचना आहे. ते वेळेवर तेलपाणी केले तर दीर्घकाळ टिकते, पण त्याची ताकद बेताचीच आहे. १९८५ नंतरच्या रूपात ते मिनिटाला ४,८०० फेऱ्यांना ११६ अश्वशक्ती आणि २,८०० फेऱ्यांना सुमारे १९० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. मागे सामान भरले, मोठे टायर चढवले किंवा डोंगराचा लांब चढ लागला की मालकाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. हेच इंजिन ठेवून त्याला टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा, बसवावा, की ते उतरवून मोठे इंजिन घालावे?

या प्रश्नाची चर्चा बहुधा अश्वशक्तीच्या आकड्यांवर सुरू होते आणि तिथेच संपते. माझ्या मते तो आकडा सर्वांत शेवटी पाहावा. गाडीत हवा, इंधन, उष्णता, तेल, क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल (चाकांना जोर वाटून देणारी पेटी) आणि ब्रेक यांची एक साखळी असते आणि कंपनीने ती एका ठरावीक जोरासाठी जुळवलेली असते. जोर वाढला की या साखळीतली प्रत्येक कडी तपासावी लागते. टर्बो आणि इंजिनबदल यांतला खरा फरक इतकाच, की दोन्हींत वेगवेगळ्या कड्या बदलाव्या लागतात.

त्याआधी गाडी मंद का झाली हे शोधणे आवश्यक आहे, कारण अनेकदा दोष इंजिनाचा नसतोच. या पिकअपच्या चारचाकी जोराच्या, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या, रूपाला कारखान्यातून २२५/७५ आर १५ मापाचे, म्हणजे सुमारे २८ इंच व्यासाचे टायर आणि ४.१० गुणोत्तराचे क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शिअलमधली दातेरी चाकांची जोडी, मिळत असे. हौसेने ३३ इंची टायर बसवले की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे १७ टक्के जास्त अंतर कापते, आणि तितक्याच प्रमाणात इंजिनाचा जोर चाकापाशी कमी पडतो. मालकाला वाटते इंजिन थकले, प्रत्यक्षात गाडी नेहमीच वरच्या गिअरमध्ये असल्यासारखी चालत असते. यावर उपाय म्हणजे क्राउन-पिनियन बदलून ४.८८ चे करणे. ४.१० ला १.१७ ने गुणले तर ४.८ येतात, त्यामुळे ४.८८ ने मूळचा ताळमेळ परत येतो आणि थोडा फायदाही होतो. चारचाकी जोराच्या गाडीत पुढचे आणि मागचे अशी दोन्ही डिफरन्शिअल बदलावी लागतात, तरीही हे काम टर्बो किंवा इंजिनबदल यांपेक्षा खूपच सोपे आहे आणि इंजिनाला हातही लागत नाही. मोठे टायर असलेल्या प्रत्येकाने आधी हे करून पाहावे असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी तपासणी सिलिंडरमधल्या दाबाची, म्हणजे गॅरेजच्या भाषेत कॉम्प्रेशनची. निरोगी २२आर-ई मध्ये तो चौरस सेंटिमीटरला सुमारे १२ किलो असतो, १० च्या खाली गेला तर इंजिन उघडण्याची वेळ झालेली असते, आणि चार सिलिंडरांमध्ये आपसात १ किलोपेक्षा अधिक फरक असू नये. त्याबरोबर टाइमिंग चेनचा आवाजही ऐकावा. १९८३ च्या सुमारास या इंजिनात एकेरी कड्यांची चेन आली आणि तिला दिशा देणारे मार्गदर्शक प्लॅस्टिकचे झाले. ते जुने होऊन तुटले की सैल चेन टाइमिंग कव्हरवर घासते, कालांतराने कव्हरला भोक पडते आणि कूलंट तेलात मिसळते. इंजिन चालू करताच पुढच्या बाजूने खडखड ऐकू येत असेल तर टर्बोचा विचार बाजूला ठेवून आधी चेन पाहावी. थकलेल्या इंजिनाला टर्बो बसवणे ही या विषयातली सर्वांत महागडी चूक आहे आणि ती फार लोक करतात.

आता टर्बोकडे वळू. पेट्रोल इंजिनाची ताकद तत्त्वतः ते किती हवा आत घेऊ शकते यावर ठरते. पेट्रोल जास्त ओतणे अवघड नाही, पण एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते आणि अडचण त्या हवेची असते. साध्या इंजिनात पिस्टन खाली जाताना जी पोकळी होते तिच्यात बाहेरची हवा केवळ वातावरणाच्या दाबाने शिरते. २,३६६ सीसीच्या इंजिनात दोन फेऱ्यांत फार तर तेवढीच हवा मावणार. ती वाढवायची तर फेरे वाढवा, भांडे मोठे करा, किंवा त्याच भांड्यात हवा दाबून भरा. भांडे मोठे करणे म्हणजे मोठे इंजिन आणि हवा दाबून भरणे म्हणजे टर्बो.

टर्बोत एकाच दांड्यावर दोन पंखे असतात. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एका पंख्याला फिरवतो आणि दुसरा पंखा ताजी हवा दाबून इंजिनात ढकलतो. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या ऊर्जेचा काही भाग अशा रीतीने कामाला येतो. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. दाब ठरलेल्या मर्यादेच्या वर जाऊ लागला की वेस्टगेट नावाची झडप उघडते आणि थोडा धूर पंख्याला वळसा घालून निघून जातो.

महाराष्ट्रातल्या वाचकांना याचा परिणाम टोयोटाच्याच दोन गाड्यांतून आठवेल. क्वालिसमध्ये २,४४६ सीसीचे टर्बो नसलेले डिझेल इंजिन होते आणि त्याची ताकद ७५ अश्वशक्तीच्या आसपास होती. तिच्या जागी २००५ मध्ये आलेल्या इनोव्हाचे डिझेल इंजिन २,४९४ सीसीचे होते, म्हणजे आकारात जवळजवळ तेवढेच, पण ताकद १०२. घाटात भरलेली क्वालिस आणि भरलेली इनोव्हा दोन्ही चालवलेल्या माणसाला तो फरक पायाखाली कळला असेल. मात्र त्या श्रेयात टर्बोबरोबर कॉमन रेल इंजेक्शनचाही, म्हणजे फार मोठ्या दाबाने डिझेल फवारण्याच्या पद्धतीचाही, वाटा होता, आणि दुसरे म्हणजे ते इंजिन पहिल्या दिवसापासून टर्बोसाठीच घडवलेले होते. जुन्या पिकअपच्या बाबतीत नेमके हेच नसते.

हवा दाबली की ती तापते. सायकलला हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते, तसेच हे आहे. समजा बाहेर ३० अंश तापमान आहे आणि टर्बो वातावरणाच्या दाबात अर्ध्या बारची भर घालतो (एक बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीचा हवेचा दाब). दाब दीडपट झाला म्हणजे हवाही दीडपट शिरेल असे वाटते, पण साधारण कार्यक्षमतेच्या टर्बोमधून ती हवा जवळजवळ ८५ ते ९० अंशांना बाहेर पडते, आणि तापलेली हवा विरळ असल्यामुळे प्रत्यक्षात सुमारे सव्वापटच हवा आत जाते. मध्ये इंटरकूलर, म्हणजे दाबलेल्या हवेचा रेडिएटर, घालून ती ५० अंशांपर्यंत थंड केली तर हेच प्रमाण सुमारे १.४ पट होते. इंटरकूलरला शोभेची वस्तू समजणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा.

गरम हवेचा याहून मोठा धोका इंजिनाच्या आत आहे. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण पिस्टन दाबतो आणि मग स्पार्क प्लग ते पेटवतो. मिश्रण फार तापले किंवा फार दाबले गेले तर ज्वाळा पोचण्याआधीच त्याचा उरलेला भाग एकदम भडकतो. यालाच नॉकिंग म्हणतात. बाहेरून तो आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा येतो आणि आत पिस्टनच्या डोक्यावर हातोड्याचे घाव पडत असतात. ते चालू राहिले तर पिस्टनच्या कडा तुटतात, हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेड यांमधली पट्टी) फुटते, बेअरिंग जातात. २२आर-ई मध्ये पिस्टन मिश्रणाला मुळातच सुमारे ९.३ पट दाबतो आणि टर्बोची आधीच दाबलेली, तापलेली हवा पुन्हा तितकीच दाबली जाते. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल आणि उशिराने दिलेली ठिणगी यांनी थोडी सवलत मिळते, पण थोडीच.

या बाबतीत सर्वांत विश्वासार्ह साक्ष खुद्द टोयोटाची आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यात कंपनीने याच इंजिनाचे २२आर-टीई नावाचे टर्बोयुक्त रूप पिकअपमध्ये आणि तिच्यावरच बेतलेल्या फोररनर या बंद गाडीत दिले होते. त्यात इंटरकूलर नव्हता आणि ताकद होती १३५ अश्वशक्ती, टॉर्क सुमारे २३५ न्यूटन-मीटर. म्हणजे कारखान्याने ताकदीत जेमतेम १६ टक्क्यांची वाढ घेतली. आणि तेवढ्यासाठी काय काय बदलले ते पाहण्यासारखे आहे. पिस्टन बदलून कॉम्प्रेशनचे गुणोत्तर ९.३ वरून ७.५ वर आणले, इंजिन चालवणारा संगणक, म्हणजे ईसीयू, वेगळा दिला, टर्बोसाठी तेलाची वाट केली, गिअरबॉक्स अधिक दणकट दिला आणि मागचे डिफरन्शिअलही अधिक मजबूत घातले. ज्यांनी हे इंजिन घडवले त्यांना १९ अश्वशक्तींसाठी एवढी तयारी आवश्यक वाटली. त्यामुळे मूळ पिस्टनवर बाजारातला टर्बो चढवून ६० अश्वशक्ती वाढवण्याचे आश्वासन कोणी देत असेल, तर या आकड्यांकडे बोट दाखवावे.

तरीही टर्बोच बसवायचा ठरला, तर अडचणींचा क्रम साधारण असा येतो. पहिली अडचण इंधनाची. २२आर-ई मध्ये आत जाणारी हवा मोजण्यासाठी एक हलती पाकळी असते. हवेच्या झोताने ती जितकी उघडते तितके पेट्रोल ईसीयू सोडतो. पाकळी पूर्ण उघडली की त्यापुढची हवा मोजलीच जात नाही, मूळ इंजेक्टरही आपल्या क्षमतेच्या टोकाला पोचतात, आणि नेमक्या सर्वाधिक जोराच्या क्षणी मिश्रणात पेट्रोल कमी पडते. पेट्रोल कमी पडलेले मिश्रण अधिक तापते आणि नॉकिंगला आमंत्रण देते. म्हणून मोठे इंजेक्टर, दाब मोजणारा सेन्सर आणि नव्याने शिकवता येणारा ईसीयू हे टर्बोबरोबर यायलाच हवेत, आणि मिश्रणाचे प्रमाण दाखवणारा मापकही. टर्बोच्या खर्चाचा मोठा भाग इथे जातो आणि जाहिरातीत तो दिसत नाही.

दुसरी अडचण तेलाची. टर्बोला इंजिनातून दाबाने तेल आणून द्यावे लागते, हे सोपे आहे. ते परत जाण्याची वाट मात्र फक्त उताराची असते, म्हणून परतीची नळी जाड, सरळ आणि तेलाच्या पातळीच्या वर चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) उघडणारी हवी. ही नळी अरुंद किंवा वाकडी केली की तेल टर्बोतच तुंबते, दांड्याच्या सीलमधून गळते आणि धूर निळा दिसू लागतो. लोक टर्बो खराब निघाला असे समजून तो बदलतात आणि नव्यानेही तेच होते. चढ चढून आल्यावर तापलेले इंजिन लगेच बंद केले तर दांड्याभोवतीचे तेल जळून कोळसा होते, म्हणून दोन मिनिटे ते रिकामे चालू ठेवण्याची सवय लावावी लागते.

पिकअपच्या दृष्टीने टर्बोची एक मर्यादा स्वभावगत आहे. तो धुरावर चालतो आणि कमी फेऱ्यांना धूर कमी असतो. खडकाळ वाटेवर गाडी पायरी पायरीने चढवताना इंजिन हजार-बाराशे फेऱ्यांवर असते आणि तिथे टर्बो जवळजवळ झोपलेला असतो. कॉम्प्रेशन कमी केले असेल तर त्या टप्प्यात इंजिन मूळपेक्षाही अशक्त वाटते. लहान टर्बो निवडला तर तो लवकर जागा होतो पण वरच्या फेऱ्यांना गुदमरतो. जे लोक महामार्गावर ओझे ओढतात त्यांना हे फारसे जाणवणार नाही, पण जंगलवाटांवर जाणाऱ्यांना जाणवते.

उंचीवर मात्र टर्बोची बाजू खरोखर भक्कम होते आणि हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो. कोलोरॅडोत आंतरराज्य महामार्ग ७० वरचा आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळजवळ अडीच पट. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, आणि थंडीमुळे हवा थोडी दाट झाली तरी तिची घनता २५ ते ३० टक्क्यांनी कमीच राहते. त्यामुळे ११६ अश्वशक्तीचे इंजिन तिथे ८० ते ८५ चेच उरते. आता सामानासह दोन टनांची पिकअप ६ टक्क्यांच्या चढावर ताशी ९० किलोमीटरने न्यायची आहे असे धरू. चढ, टायरचे घर्षण आणि वाऱ्याचा अडसर मिळून चाकांपाशी सुमारे ४७ किलोवॅट लागतात, गिअरमधली गळती धरली तर इंजिनाकडून जवळजवळ ७५ अश्वशक्ती. ८० ते ८५ मध्ये ७५ बसतात खरे, पण केवळ ४,८०० च्या आसपास फेरे ठेवले तरच. म्हणजे खालच्या गिअरमध्ये इंजिन किंचाळत ठेवा, नाहीतर उजव्या बाजूच्या मालट्रकांच्या रांगेत जा. या गाडीच्या मालकांना हा अनुभव चांगला परिचयाचा आहे.

टर्बो इथे हरवलेला दाब बऱ्याच अंशी भरून काढतो. पूर्णपणे काढतो अशी समजूत आहे, ती मात्र जुन्या यांत्रिक वेस्टगेटच्या बाबतीत खरी नाही. तो वेस्टगेट बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे एवढेच पाहतो. समुद्रसपाटीला १ अधिक ०.५ मिळून दीड बार होत असतील, तर बोगद्यापाशी ०.६७ अधिक ०.५ मिळून १.१७ होतात. ही घट २२ टक्क्यांची आहे, साध्या इंजिनात ती ३३ टक्क्यांची. फायदा नक्कीच मोठा आहे, पण तो एवढाच धरून हिशेब करावा. एकूण दाब पाहून वेस्टगेट हलवणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था केली तर आणखी भरपाई होते, अर्थात टर्बोला तेवढे अधिक पळावे लागते.

आता दुसरा मार्ग. या पिकअपमध्ये घालण्यासाठी सर्वाधिक पसंतीचे इंजिन टोयोटाचेच ३.४ लिटर व्ही-६, म्हणजे ५व्हीझेड-एफई, जे १९९५ ते २००४ या काळात अमेरिकेतल्या टॅकोमा, फोररनर, टी१०० आणि टुंड्रा या गाड्यांत आले. १९० अश्वशक्ती, सुमारे २९८ न्यूटन-मीटर टॉर्क, आणि तोही टर्बो जागा होण्याची वाट न पाहता. उंचीवर त्याचेही २५ ते ३० टक्के जातात, तरी बोगद्यापाशी त्याच्याकडे १३५ ते १४० अश्वशक्ती उरतात. समुद्रसपाटीला कारखान्याच्या टर्बोपाशी जेवढी ताकद होती, तेवढी याच्यापाशी डोंगरमाथ्यावर असते. शिवाय त्यातले एकही यंत्र आपल्या मूळ क्षमतेच्या पलीकडे ताणलेले नसते. पिस्टन, इंजेक्टर, ईसीयू, कूलंटच्या वाटा, सगळे एकमेकांसाठीच बनलेले असते. इंजिनबदलाचा खरा लाभ हाच आहे असे मी मानतो.

श्रम मात्र भरपूर आहेत. पहिला प्रश्न गिअरबॉक्सचा. चार सिलिंडरच्या पिकअपचा डब्ल्यू५६ गिअरबॉक्स व्ही-६ च्या मागच्या तोंडाला बसत नाही. त्याच पिकअपमध्ये १९८८ पासून ३.० लिटरचे व्ही-६ही मिळत असे आणि त्याच्यासोबतचा आर१५०एफ गिअरबॉक्स ३.४ ला बसतो. म्हणून ज्यांची गाडी मूळचीच व्ही-६ आहे त्यांचे काम निम्म्याने सोपे होते. ते ३.० चे इंजिन हेड गॅस्केटच्या तक्रारींसाठी कुप्रसिद्धही होते, त्यामुळे हा बदल त्या मालकांना दुहेरी फायद्याचा ठरतो. चार सिलिंडरवाल्यांना इंजिनाबरोबर गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारी पेटी) बदलावे लागतात. मग गिअरबॉक्सची लांबी वेगळी असल्याने त्याचा आधार देणारा आडवा दांडा सरकवावा लागतो, आणि पुढचे-मागचे दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट नव्या मापाचे करून घ्यावे लागतात.

इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसते त्यांच्यासाठी चासीवर नवे ब्रॅकेट लागतात. इंजिन मागे-पुढे किंवा वर-खाली दोन सेंटिमीटर चुकले तरी त्याचे परिणाम दूरवर पोचतात. पुढे आले तर पंखा रेडिएटरला लागतो, मागे गेले तर डाव्या बाजूच्या सिलिंडरांचा एक्झॉस्ट, जो इंजिनाच्या मागून वळून उजवीकडे येतो, केबिनच्या भिंतीला चिकटतो. वर बसले तर बॉनेट बंद होत नाही, म्हणून कित्येक जण बॉडी चासीपासून इंचभर उचलतात. खाली बसले तर चेंबर पुढच्या भागांना अडतो. १९८५ पर्यंतच्या चारचाकी जोराच्या पिकअपला पुढे अखंड ॲक्सल होता आणि तो खड्ड्यात वर उसळतो, त्यामुळे तिथे ही जागा उभ्या गाडीवर मोजून भागत नाही. स्प्रिंग पूर्ण दाबून मोजावी लागते.

सर्वांत जास्त गाड्या रखडतात त्या वायरिंगपाशी. लोखंडी काम डोळ्यांना दिसते, म्हणून माणूस ते उत्साहाने पूर्ण करतो. मग शेकडो तारांचा गुंता हातात येतो आणि गाडी ताडपत्रीखाली वर्षभर उभी राहते. ३.४ च्या ईसीयूला गाडीचा वेग सांगणारा सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर, इंधनपंपाची रिले, चार्जिंगचा दिवा, एसीचा इशारा हे सर्व हवे असते आणि जुन्या डॅशबोर्डची भाषा वेगळी असते. माझे स्पष्ट मत आहे की नुसते इंजिन विकत घेऊ नये. ज्या गाडीतून ते निघणार आहे ती अख्खी मिळत असेल तर ती घ्यावी, इंजिन उतरवण्याआधी ती चालवून पाहावी, तापली असता कूलंटचा दाब आणि तेलाचा रंग तपासावा, आणि प्रत्येक जोड सोडवण्याआधी त्याला चिठ्ठी लावून छायाचित्र काढावे. नळ्या, सेन्सर, ब्रॅकेट, एअर फिल्टरचा डबा, ॲक्सिलरेटरची केबल अशा शंभर लहान वस्तू त्या गाडीतून मिळतात. त्या सुट्या शोधण्यात जाणारे दिवस कोणी हिशेबात धरत नाही. आणि हे इंजिन टाइमिंग बेल्टवर चालते, तेव्हा ते बाहेर मोकळे असतानाच बेल्ट, वॉटर पंप आणि मागचे ऑइल सील नवे घालावेत.

व्ही-६ जास्त वाटत असेल त्यांच्यासाठी टॅकोमातलेच २.७ लिटरचे चार सिलिंडर इंजिन, ३आरझेड-एफई, हाही चांगला पर्याय आहे. १५० अश्वशक्ती आणि सुमारे २४० न्यूटन-मीटर, म्हणजे कारखान्याच्या टर्बोपेक्षा किंचित सरस. उभे चार सिलिंडर असल्यामुळे बॉनेटखाली दोन्ही बाजूंना जागा राहते आणि पुढे दुरुस्ती करणे सोपे जाते. अमेरिकन व्ही-८ घालणारेही पुष्कळ आहेत. ते दमदार असते, पण या हलक्या चासीला, पुढच्या ॲक्सलला आणि ब्रेकला ते जड पडते, आणि मग एकेक भाग बदलता बदलता मूळची पिकअप फारशी उरत नाही.

मार्ग कोणताही घेतला तरी ब्रेकचा विचार टाळता येत नाही. बोगद्याच्या पश्चिमेचा उतार मैलोगणती लांब आहे, आणि चढ वेगाने चढू लागलेला माणूस जास्त ओझे घेऊन निघतो हे ओघानेच येते. ओझे ओढणाऱ्या इंजिनाइतकेच ते थांबवणारे ब्रेकही मोठे हवेत, आणि या पिकअपचे मागचे ड्रम ब्रेक एरवीही दुर्लक्षित असतात.

कायद्याची बाजू दोन्ही मार्गांना वेगवेगळी लागते. अमेरिकेत प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा काढणे किंवा निकामी करणे संघराज्याच्या कायद्याने निषिद्ध आहे. कॅलिफोर्नियात बदललेले इंजिन गाडीच्या वर्षाचे किंवा त्याहून नवे असावे लागते, त्याचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) आणि सर्व सेन्सर जसेच्या तसे असावे लागतात, आणि राज्याने नेमलेल्या पंचाकडून गाडी तपासून घ्यावी लागते. नव्या काळातले, पूर्ण सामग्रीसह बसवलेले इंजिन ही परीक्षा उत्तीर्ण होऊ शकते. टर्बोच्या बाबतीत त्या विशिष्ट संचाला राज्याच्या हवा मंडळाचा मान्यता क्रमांक हवा, आणि सुटे भाग जमवून घरी जुळवलेल्या टर्बोला तो नसतो. त्यामुळे तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी पहिला स्पॅनर लावण्याआधी ही चौकशी करावी. भारतात वाट बरीच अरुंद आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधल्या निकालात हे ठामपणे सांगितले आहे. सीएनजी किंवा बॅटरीसारख्या वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त संचाने केलेला बदल हा अपवाद आहे. अमेरिकेतले हे प्रयोग वाचून महाराष्ट्रातल्या कोणी आपल्या पिकअपमध्ये दुसऱ्या जातीचे इंजिन घातले, तर नोंदणी आणि विमा दोन्ही धोक्यात येतात.

मला कोणी विचारले तर उत्तर त्या कॉम्प्रेशनच्या आकड्यांपासून सुरू होईल. चारही सिलिंडर १२ च्या आसपास असतील, गाडी बहुतेक काळ उंच मुलखात चालत असेल, चेन आणि हेड गॅस्केट नवे केलेले असेल आणि मालकाची अपेक्षा २० ते २५ अश्वशक्तींची असेल, तर कमी दाबाचा टर्बो, इंटरकूलर आणि इंधनाची नीट व्यवस्था हा मार्ग योग्य आहे. जुन्या २२आर-टीई चे पिस्टन आणि इतर सामान मिळाले तर अधिकच उत्तम. गाडी मूळची व्ही-६ असेल तर ३.४ घालण्यात फारसा विचार करण्यासारखे काही नाही. आणि चार सिलिंडरचे इंजिन १० च्या खाली गेलेले असेल, म्हणजे ते तसेही उघडावेच लागणार असेल, तर त्याची पूर्ण दुरुस्ती आणि वर टर्बो यांचा एकत्र खर्च कागदावर मांडावा, शेजारी २.७ किंवा ३.४ असलेल्या अख्ख्या गाडीची किंमत लिहावी, आणि जुने इंजिन, गिअरबॉक्स व उरलेली दाता गाडी विकून किती परत येतील तेही त्याच कागदावर धरावे. २२आर-ई चे सुटे भाग शोधणारे लोक अजून पुष्कळ आहेत, त्यामुळे ही शेवटची रक्कम अनेकांना वाटते त्यापेक्षा मोठी निघते.